घास लहान घे

अनुसयाबाईचं नाव आधी लिहितो, बाकीचं नंतर. कारण बाकीचं सांगायला मी उरलो तो तिच्यामुळे. वाचताना हे वाढवून लिहिल्यासारखं वाटेल, पण यात एक शब्दही वाढीव नाही. शब्द वाढवण्याची खोड मला कशी भोवली तेच सांगायचं आहे, म्हणून इथे तरी जपून लिहितो.

अनुसयाबाई कळंब तालुक्यातल्या एका गावची. गावाचं नाव घेत नाही. गाव चांगलं आहे, एका दिवसावरून त्याला कोणी ओळखू नये. ती कापूस वेचणाऱ्या बायांची मुकादमीण होती. कोणाच्या शेतात किती बाया न्यायच्या, कुठून वेचणी सुरू करायची, ऊन चढलं की कधी बसायचं, हे सगळं तिच्या तोंडून ठरायचं. पन्नाशीची बाई, घोगऱ्या आवाजाची. शेताच्या एका धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, हाक मारली तर दुसऱ्या धुऱ्यावरची बाई मान वर करायची. आवाजाचाच धंदा असता तर माझ्यापेक्षा तिचा चांगला चालला असता.

माझा धंदा आवाजाचा. मी भोंगागाडीवर बोलणारा. जीपच्या टपावर दोन भोंगे, आत मशीन, बॅटरी आणि हातात माईक. मूळचा मी रत्नागिरीकडचा. आठवीत गणितात नापास झालो आणि शाळा सुटली ती सुटलीच. मामा यवतमाळला कापसाच्या जिनिंगमध्ये होता, त्याच्यामागे इकडे आलो. पुढे ते जिनिंग बंद पडलं, मामा गावी परत गेला आणि मी राहिलो. राहिलो तो बाभुळगावच्या गफूरभाईंमुळे. ते मेकॅनिक, फवारणीचे पंप दुरुस्त करायचे आणि जोडीला भोंगागाडी भाड्याने द्यायचे. एकदा त्यांचा बोलणारा माणूस आला नाही. मी तिथेच पंपाच्या नळ्या धुवत बसलो होतो. त्यांनी कागद माझ्या हातात दिला नि म्हणाले, "वाच रे कोकण्या, जरा जोरानं." मी वाचला. गफूरभाईंनी हातातला पाना खाली ठेवला आणि पुन्हा वाचायला सांगितलं.

त्यांचं म्हणणं असं की, माझी भाषा इकडच्यासारखी नाही, पुस्तकासारखी आहे, आणि लोकांना पुस्तकासारखं बोलणारा माणूस सरकारी वाटतो. तेव्हा मला हसू आलं होतं. घाटाखालचं आमचं बोलणं लपवायला मी शाळेच्या धड्यासारखा बोलायला शिकलो होतो, एवढंच. आठवी नापास माणसाचं बोलणं कोणाला सरकारी वाटेल? पण वाटायचं. खेड्यात म्हातारी माणसं हात जोडायची. पोरं मला रेडिओवाला म्हणायची.

या कामाच्या काही रीती असतात. गावात शिरल्यावर आधी गावाचं नाव घ्यायचं. नाव ऐकलं की माणूस भाकरी थापता थापता थांबतो. वाक्य तीनदा म्हणायचं, कारण पहिल्यांदा कुत्री भुंकतात. दह्याला शिवायचं नाही, आवाज बसतो. खिशात खडीसाखर आणि ज्येष्ठमध ठेवायचा. आणि गफूरभाईंचा एक नियम सगळ्यांच्या वर होता: कागदावर सही-शिक्का दिसल्याशिवाय माईकचं बटण दाबायचं नाही.

"भोंगा तुहा नाई, आवाज तुहा नाई," ते म्हणायचे. "ज्याची सही त्याचा आवाज. बिना सहीचं बोलला त मंग ते तुह्यं होते."

गिऱ्हाईक नाना तऱ्हेचं. पुसदकडच्या एका गृहस्थाने सासुरवाडीच्या गावात गाडी नेऊन बायकोला कळवायला लावलं होतं की त्याने दारू सोडली आहे, तरी तिने परत यावं. मी विचारलं, सही कोणाची? तो म्हणाला, "माहीच." मी तीन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला त्याची सासू बाहेर आली आणि गाडीला आडवी उभी राहून म्हणाली, "त्याले म्हणा, भोंग्यात नको बोलू, तोंडाचा वास घेऊ दे." पुढे ती बाई नांदायला गेली असं ऐकलं. असली कामं मला आवडायची.

पण जास्त कामं बियाण्यांची. हे बियाणं लावा, बोंडअळी विसरा. मी ते अशा गोडीने म्हणायचो की मलाच शेत नसल्याचं वाईट वाटायचं. मग ती वर्षं आली. बोंड वरून हिरवंगार आणि फोडलं की आत गुलाबी अळी. मी गावात जायला घाबरायचो. लोक चिडतील, गाडी फोडतील असं वाटायचं. कोणी काही बोललं नाही. उलट एका म्हाताऱ्याने मला पाणी दिलं आणि म्हणाला, "तुहा काय दोष बावा, त्याईनं तुले खोटं लिहून देल्लं." भांडं मी भरलेलंच परत केलं.

त्या वर्षांत माणसांचं काहीतरी बिनसलं होतं. सल्ला देणारे पुष्कळ आले, दौरे झाले, फोटो निघाले. ज्याच्यावर विसंबावं तो खोटा निघायचा. मग लोक मोबाइलवर आलेल्या कशावरही विसंबू लागले. एका गावात झाडातून पाणी झिरपलं म्हणून नारळ फुटले. दुसऱ्या गावात एका विधवेच्या दारावर कोणी काळी बाहुली टांगली. मी जीपमधून हे बघत जायचो आणि पुढच्या गावाचं नाव घ्यायचो. आपण फक्त वाचणारे, असं समजत होतो.

नवरात्र संपून कापूस फुटायला लागला होता. एके सकाळी दोन तरुण आले. मोबाइलवर आलेला मजकूर त्यांनी वहीच्या कागदावर उतरवून आणला होता. पोरं पळवणारी टोळी फिरते आहे, असा. मी विचारलं, "ठाण्याचा शिक्का?" त्यातला एक म्हणाला, "भाऊ, शिक्क्याची वाट पाहू तवरक पोट्टे जातीन. तुम्ही इकडचे नाई न, म्हणून तुमाले काही वाटत नाई."

हे वाक्य मला लागलं. दुसऱ्याच्या मुलखात राहणारा माणूस जरा जास्तच गोड वागतो. नाही म्हणायची वेळ आली की मला घाम फुटतो, आजही फुटतो. गफूरभाई त्या दिवशी लग्नाला गेले होते. मी कागद घेतला.

आणि इथे मी ते केलं जे फक्त भोंग्यावर बोलणाऱ्यालाच सुचेल. मजकूर सुरू व्हायचा तो थेट "टोळी फिरत आहे" असा. मला ते उघडंबोडकं वाटलं. आमच्या वाक्याला एक चाल असते, आधी कोणीतरी कळवायला लागतं. मी बटण दाबलं आणि तोंडातून आपोआप गेलं, "सर्व ग्रामस्थांना प्रशासनातर्फे कळविण्यात येते की." कागदावर प्रशासन नव्हतंच, ते मी घातलं. पुढेही रंग भरला. टोळीतील इसम पाठीवर पोते घेऊन फिरतात. अनोळखी इसमाने दिलेला खाऊ मुलांनी घेऊ नये. अनोळखी इसमास गावात थारा देऊ नये. नऊ गावं केली. प्रत्येक गावात बायांनी पोरं आत ओढली, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. बियाण्याच्या वेळी खोटा पडलो होतो, आता काहीतरी कामाचं बोलतोय असं वाटलं.

पाचव्या दिवशी जीप गफूरभाईंकडे दुरुस्तीला होती. नवरात्रात अनुसयाबाईच्या गावच्या मंडळाने आमचा एक जुना भोंगा नेला होता, तो आणायला मी एसटीने फाट्यावर उतरलो आणि चालत गावात गेलो. मंडळाची पोरं शेतात होती. त्यांच्यातल्या एकाच्या आजीने भोंगा काढून दिला. धूळ नको म्हणून मी तो पोत्यात घातला आणि पोतं पाठीवर टाकलं.

मारुतीच्या देवळाजवळ एक चारेक वर्षांची मुलगी ओट्यावर बसून खोकत होती. कोरडा खोकला. मला त्या खोकल्याची सवय, हात आपोआप खिशात गेला. खडीसाखरेचा खडा काढून तिच्यापुढे धरला.

"ए! काय देऊन राह्यला बे तिले?"

मागे वळून बघतो तर तिशीचा एक माणूस. त्याच्यामागे दोन, मग सहा, मग मोजता येईनात. ज्याने हाक मारली तो त्या मुलीचा काका, दिनेश. त्याने माझी गच्ची, म्हणजे शर्टाची कॉलर, धरली. माझा मोबाइल कोणीतरी हिसकावला. पोतं उलटं केलं तसा भोंगा खणकन पडला.

"चोरला हाय यानं. मंडळाचा हाय हा भोंगा."

"माझाच आहे. म्हणजे गफूरभाईंचा. त्या आजीला विचारा."

"कोणती आजी? नाव सांग."

नाव मला माहीत नव्हतं. भीतीने माझी धड्यातली भाषा पळाली आणि आईच्या तोंडची भाषा आली. "मी काय नाय केलंय, शपथ," असलं काहीतरी बोललो. ते ऐकून एक बाई मागून ओरडली, "इकडचा नाई हा. बोली पाहा याची."

"गाडीवर सांगतलं होतं न सरकारनं," दिनेश म्हणाला. "पाठीवर पोतं, पोट्ट्यायले खाऊ. बराबर तसाच हाय."

"ते मीच सांगितलं," मी म्हणालो. "गाडीवर मीच होतो."

लोक हसले. कोणी म्हणालं, "मंग बोलून दाखव." मी तोंड उघडलं. वीस वर्षं ज्या आवाजावर जेवलो तो आलाच नाही, नुसती हवा आली. पहिली चापट तेव्हा बसली. कोणीतरी तुरीची काठी आणायला गेलं. एकाने दगड उचलला होता, आणि तो दगड हातात तोलत होता. तो दगड मला अजून ओळखू येईल.

तेवढ्यात बाया शेतातून परत आल्या. त्या दिवशी गावात पहिली वेचणी होती. पहिल्या वेचणीला शेतात सीतादही करतात. एका झाडाशी पूजा मांडून दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि मग उरलेला दहीभात सगळ्यांना वाटायचा. अनुसयाबाईच्या डोक्यावर त्या दहीभाताचा गंज, म्हणजे पातेलं, होता.

"काहून रे, कायची गर्दी?"

दिनेशने सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हिने एक शब्द टाकला की संपलं.

ती म्हणाली, "बरं. मारान त मारा. पण आज सीतादही हाय, गावात आलेला माणूस उपाशी मारता काय? आधी खाऊ द्या त्याले." आणि कोणी काही बोलायच्या आत तिने मला दंडाला धरून तिच्या ओट्यावर बसवलं, पुढ्यात ताट टाकलं, त्यात दहीभात वाढला.

"मावशे, बाजूले हो," दिनेश म्हणाला.

"ताटावरून उठवतं काय माणसाले? तुह्या बापानं उठवलं होतं कधी कोणाले?"

दिनेश थांबला. सगळेच थांबले. दगडवाल्याने दगड टाकला नाही, पण हात खाली गेला. आमच्या कोकणातही तेच, इथेही तेच. जेवणाऱ्याला ताटावरून उठवत नाहीत. एवढी एकच गोष्ट त्या घटकेला माझ्या बाजूची होती आणि ती तिला बरोबर आठवली.

वाढता वाढता ती वाकली आणि ओठ न हलवता म्हणाली, "संपवू नको. घास लहान घे."

मी जेवायला लागलो. वीस वर्षांत दह्याला शिवलो नव्हतो. घास तोंडात फिरायचा, खाली उतरत नव्हता. शितं मोजावीत तसा खात होतो. ओट्याखाली चाळीस-पन्नास माणसं माझ्या हाताकडे बघत उभी. ताटातला भात कमी झाला की ती आणखी वाढायची. सुनेला तिने मोठ्याने लोणचं आणायला सांगितलं आणि हळूच पोलीस पाटलांच्या शेताकडे पिटाळलं. ते शेत लांब होतं.

तिसऱ्यांदा वाढलं तेव्हा गर्दीतला एकजण म्हणाला, "किती खाते बे हा?"

"खाऊ दे," दुसरा म्हणाला. "सरकारी टोळी असन, पोटं मोठीच राह्यतेत."

दोघे-तिघे हसले. हे हसणं मघासारखं नव्हतं. एक म्हातारा बसला. मग आणखी दोघे बसले. उभा माणूस बसला की त्याचा राग थोडा उतरतो, हे मला तेव्हा कळलं. दिनेश मात्र बसला नाही. त्याची पुतणी त्याच्या कडेवर होती आणि खोकत होती.

चौथ्या वाढपाला माझ्या पोटात जागा नव्हती. अनुसयाबाई माझ्यासमोर मांडी घालून बसली. "गाव कोणतं तुह्यं?" सांगितलं. "माय हाय?" नाही म्हणालो. "भोंग्यावर काय काय बोलला तू?" मी सांगू लागलो, हळूहळू. दारू सोडलेल्या नवऱ्याचं सांगितलं. तिथे तिला हसू आलं. म्हणाली, "ते म्या ऐकलं होतं. आमची आतेबहीण त्याच गावची. कसं बोलला होता, बोल."

आणि बोलताना आवाज आला. आधी फाटका, मग भरला. "कळविण्यात येते की मी दारू सोडली असून..." मागून एक बाई म्हणाली, "माय, हा त खरंच रेडिओवाला हाय."

मग सगळंच पालटलं. कोणी माझा मोबाइल आणून दिला, कोणी चहा टाकायला सांगितला. "साहेब, आधी नाई सांगाचं काय?" दिनेशने माझ्या शर्टाची गच्ची नीट केली. मी सुटलो होतो. एसटीची वेळही होत होती.

तेव्हा त्याने विचारलं, "साहेब, पण ते टोळीचं खरं हाय न? तुमाले त सरकारनंच सांगतलं असन."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "चौकशी चालू आहे."

हे पण धंद्यातलं वाक्य. ते मी कसं बोललो, मला माहीत नाही. भीतीने बोललो. अनुसयाबाईने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि माझं ताट उचललं.

पोलीस पाटील आले ते घामाने भिजलेले. मला धडधाकट पाहून मटकन ओट्यावर बसले. म्हणाले, "देव पावला. काल पलीकडच्या गावात कटलरीवाल्याले मारलं लोकाईनं. सायकलवर बांगड्या-पिना विकणारा साधा माणूस. मनगट मोडलं त्याचं, दवाखान्यात हाय. पोरीले कंगवा दाखवून राह्यला होता म्हणून."

त्या पलीकडच्या गावातही मी फेरी मारली होती. नऊ गावांतलं ते तिसरं.

अनुसयाबाई न्हाणीजवळ ताट घासत होती. मी तिच्याजवळ गेलो आणि सगळं सांगितलं. कागदावर शिक्का नव्हता, प्रशासन मी घातलं, पोतं मी घातलं. बोलताना रडलो. ती घासतच राहिली.

"हे मले एकटीले कायले सांगतो?" ती म्हणाली. "ते सांगतलं तव्हा त भोंग्यावर सांगतलं होतं."

"मारतील मला."

"ताट काही मी पुन्हा नाई मांडणार," ती म्हणाली. "पण उभी राह्यतो तुह्यापाशी."

ती राहिली उभी. मी त्याच ओट्यावर चढलो. आधी गावाचं नाव घेतलं, सवयीने. तीनदा सांगितलं, तेही सवयीने: टोळीचा कागद बिनसहीचा होता, प्रशासनाने काही कळवलेलं नाही, ते शब्द माझे. कोणी मारलं नाही. दिनेश पुतणीला घेऊन निघाला. जाताना थांबून म्हणाला, "आम्ही तुले मारलं असतं त?" त्याचा आवाज मघापेक्षा लहान होता. ज्याच्या हातात दगड होता त्याने तो देवळामागे नेऊन टाकला, कोणी पाहू नये असा.

निघताना मी अनुसयाबाईच्या पाया पडलो आणि म्हणालो, ताई, हे कसं फेडू? ती म्हणाली, "माह्यं काही नाई. जिथं जिथं बोलला तिथं तिथं उलटं बोलून ये. मंग ये जेवाले."

गफूरभाईंनी सगळं ऐकून घेतलं. ओरडले नाहीत, त्यामुळे जास्त लागलं. दुरुस्त झालेली जीप त्यांनी स्वतः चालवली. उलटं बोलणं अवघड असतं. पहिल्या गोष्टीला लोक घराबाहेर आले होते, दुसरीला खिडकीतून बघायचे. एका गावात मी ऐकलं, "याले दाबलं कोणीतरी." तरी बोललो. त्या आठवड्यात आठ गावं केली, अनुसयाबाईचं धरून.

एक राहिलं. कटलरीवाल्याचं. दोनदा फाट्यापर्यंत गेलो. पहिल्यांदा गफूरभाई सोबत होते. म्हणाले, "चल, मी हाय." मी जीपमधून उतरलोच नाही. दुसऱ्यांदा एकटा गेलो आणि शेंगदाणे खाऊन परत आलो. तो माणूस बरा झाल्यावर पुन्हा त्याच गावात सायकल घेऊन जातो असं कळलं. मनगट वाकडं बसलं आहे म्हणतात. तो जाऊ शकतो आणि मला जाता येत नाही.

आता गफूरभाई नाहीत. भोंग्यावर माणूस लागत नाही, बोलणं मोबाइलमध्ये भरून लावतात. मी आता कळंबला राहतो, पंप दुरुस्त करतो. अनुसयाबाई थकली आहे, वेचणीला जात नाही. तिची सून कधी बाजारात भेटते. दर वेळी विचारते, "सासूबाई म्हणते, रेडिओवाला जेवाले कधी येते?" मी म्हणतो, येतो, थोडं काम राहिलंय. ती जाऊन तसंच सांगते. अनुसयाबाईला कोणतं काम ते माहीत आहे.

तेव्हा ताई, हे छापून येईल आणि सून तुला वाचून दाखवेल, म्हणून लिहितो. यंदाच्या सीतादहीच्या आत मी त्या गावात जाईन. जीप नसली तरी चालेल, भोंगा नसला तरी चालेल. देवळापाशी उभा राहून गावाचं नाव घेईन आणि तीनदा बोलेन. त्याच्या सायकलीची वाट बघेन, तो आला की त्यालाही सांगेन. मग तुझ्या ओट्यावर येऊन बसेन. या वेळी वाढशील तेवढं खाईन.